नऊ पॉइंटांत भागतं का?

लग्नाचा तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अंतरपाट नुकताच बाजूला झालाय, अक्षता हवेत आहेत, नवरीने पहिल्यांदा मान वर केली आहे. फोटो बाजूने, दीडेक मीटरवरून काढलेला. फोनच्या पडद्यावर झकास दिसतो. मोठा करून बघितला की कळतं, त्या सबंध चौकटीत एकच गोष्ट सुईसारखी टोकदार आहे: कपाळावरून कानाच्या पुढे लोंबणारी मुंडावळीची मोत्यांची सर. मोती मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. डोळा मात्र निसटलाय.

फोटो माझ्या भाच्याचा. लग्न त्याच्या मित्राचं. दोन दिवसांनी तो तडक कॅमेऱ्याच्या दुकानात गेला आणि तिथूनच त्याने मला फोन लावला. "मामा, माझ्या कॅमेऱ्यात नऊच फोकस पॉइंट आहेत. हे म्हणतात नव्यात सहाशे एकावन्न आहेत. जुना देऊन वर पन्नास हजार भरायचे. घेऊ का?"

मी त्याला आधी दुकानातून बाहेर पडून चहा प्यायला सांगितलं. पुढचे दोन-तीन रविवार आम्ही दोघांनी त्याच्याच कॅमेऱ्यावर जी खटपट केली, तिचा हा हिशेब. खालचे भाव ढोबळ आहेत. सणाच्या ऑफर आणि डॉलरचा दर यांनी ते वर-खाली होतात, तेव्हा आकडा रुपयापर्यंत धरून बसू नका. कशाला किती पट पैसे पडतात तेवढं बघा.

कॅमेऱ्याने सांगितलं तेच केलं

भाच्याचा कॅमेरा कॅनन १५००डी. फोकस पॉइंट निवडायचं काम त्याने कॅमेऱ्यावर सोडलेलं होतं. असं सोडलं की बहुतेक डीएसएलआर एकच धोरण पाळतात: नऊही चौकटींत डोकवायचं आणि ज्यात सगळ्यात जवळची, ठळक कडा असलेली वस्तू सापडेल तिथे फोकस लावायचा. पांढऱ्या मोत्यांची सर डोळ्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर पुढे होती आणि काळ्या केसांवर उठून दिसत होती. कॅमेऱ्याने इमानदारीत तीच पकडली. नवरी कोण आणि मुंडावळी कोण हे त्याला कुठून कळणार?

तोच गोंधळ थोडा आधीही झाला होता. अंतरपाट धरलेला असताना काढलेल्या सात फोटोंपैकी पाचांत लेन्स नुसती मागे-पुढे घरघरत राहिली. कारण अंतरपाट म्हणजे कोरं पांढरं कापड. फोकसच्या सेन्सरला कडा लागते, गडद-फिक्याचा फरक लागतो. कापडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं. ज्या दोन फोटोंत चौकट त्या स्वस्तिकावर पडली, ते दोन्ही काचेसारखे स्वच्छ आले.

इथे पॉइंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा पैशाचा सगळा हिशेब त्यावर आहे. डीएसएलआरमध्ये आरशाच्या खाली फोकसचा वेगळा सेन्सर बसवलेला असतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश तो ताडून बघतो, आणि दोन्ही प्रतिमा जुळत नसतील तर लेन्स कुठल्या दिशेला, किती सरकवायची हे एका झटक्यात सांगतो. चौकटी म्हणजे त्या सेन्सरवरच्या पट्ट्या. साधी पट्टी एकाच दिशेच्या रेषा ओळखते. क्रॉस टाइप म्हणतात तो पॉइंट आडव्या-उभ्या दोन्ही ओळखतो.

हे घरच्या घरी बघता येतं. आजचं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा. मोठ्या मथळ्याची लांब शिरोरेषा कडेच्या एखाद्या चौकटीत घ्या, आजूबाजूची अक्षरं शक्य तितकी बाहेर ठेवा आणि बटण अर्धं दाबा. मग कॅमेरा उभा करून पुन्हा दाबा. साधा पॉइंट असेल तर एकदा खटकन लागेल आणि दुसऱ्यांदा चाचपडेल. मधल्या क्रॉस पॉइंटवर हाच प्रयोग केला की दोन्ही वेळा लागतो. १५००डीमध्ये नऊपैकी मधला एकच क्रॉस आहे. निकॉन डी३५००मध्ये अकरापैकी एक, तोही मधलाच. म्हणजे मंगल कार्यालयाच्या अपुऱ्या उजेडात या कॅमेऱ्यांचा खरा भरवशाचा पॉइंट एकच.

एका पॉइंटवर काम भागत नाही असं मात्र नाही. १९८५मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकसचा एसएलआर सर्वसामान्यांच्या हातात पडला, त्यात मधोमध एकच फोकस चौकट होती. पुढे पॉइंट वाढले तशी कुठला निवडायचा ही नवी कटकटही वाढली. १९९२च्या कॅनन ईओएस ५मध्ये तर तुमचा डोळा ज्या पॉइंटकडे वळेल तो निवडण्याची सोय होती. ती पुढे मागे पडली आणि २०२१च्या आर३मध्ये परत आली. पॉइंट निवडणं हे फोटो काढणाऱ्याचं काम आहे हे कंपन्यांनाही तेव्हापासून माहीत आहे.

शून्य रुपये

पहिला रविवार आम्ही एक पैसा न खर्चता घालवला.

वरची गोल चकती हिरव्या ऑटोवर असेल तर कॅनन तुम्हाला पॉइंट निवडूच देत नाही. चकती पी किंवा एव्हीवर आणायची. मागच्या बाजूला अंगठ्याजवळ, वरच्या कोपऱ्यात भिंगाचं चिन्ह असलेलं बटण आहे. ते दाबायचं आणि बाणांच्या बटणांनी चौकट हवी तिथे न्यायची. सगळ्या चौकटी एकदम उजळल्या तर समजा निवड अजून कॅमेऱ्याकडेच आहे. एकच उजळली म्हणजे ती तुमची. निकॉनवर मेनूत जाऊन एएफ एरिया सिंगल पॉइंट करा, मग बाणांनी चौकट थेट हलते.

दुसरी सेटिंग फोकस मोडची. कॅननवर वन शॉट, एआय फोकस, एआय सर्वो; निकॉन आणि सोनीवर एएफ-एस, एएफ-ए, एएफ-सी. बसलेल्या माणसाला पहिला, पळणाऱ्या पोराला तिसरा. मधला, म्हणजे विषय स्थिर की हलता ते कॅमेऱ्यानेच ठरवायचं, हा मी कायमचा बंद ठेवतो. नेमक्या वेळी तो उलटं ठरवतो.

तिसरी गोष्ट अंगठ्याने फोकस लावण्याची. १५००डीच्या कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि एई लॉक बटणांची कामं बदलता येतात. बदललं की मागच्या चांदणीच्या बटणाने फोकस लागतो आणि शटरचं बटण नुसता फोटो काढतं. निकॉनमध्ये एई-एल, एएफ-एल बटणाला हेच काम देता येतं. पहिल्या दिवशी चिडचिड होते, कारण बोट सवयीने अर्धं दाबतं आणि काहीच होत नाही. आठवड्याने परत जुन्याकडे जावंसं वाटत नाही. विधी चालू असताना नवरीच्या डोळ्यावर एकदा अंगठ्याने फोकस लावून ठेवायचा, मग मध्ये कुणाचा हात आला, भटजींचं उपरणं आलं, तरी फोकस हलत नाही. नवरी पुढे-मागे सरली तरच परत लावायचा.

मधल्या पॉइंटवर फोकस लावून मग कॅमेरा वळवायचा आणि चौकट जुळवायची, ही जुनी पद्धतही फुकटच. ती बहुतेक वेळा चालते, पण कुठे चालत नाही ते माहीत हवं. भाच्याची लेन्स ५० मिमी, एफ १.८. त्याच्या कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावर स्पष्टतेची खोली असते जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे पुढे-मागे दीड दीडसुद्धा नाही. मधल्या पॉइंटने डोळा धरला आणि कॅमेरा फक्त दहा अंश वळवला की फोकसची पातळी दीड सेंटिमीटर मागे जाते. गेला डोळा. हेच तीन मीटरवर केलं तर खोली पंचवीस सेंटिमीटरच्या घरात जाते आणि त्या वळवण्याचा काहीच त्रास होत नाही. म्हणून लांबून काढताना खुशाल वळवा. जवळून, मोठ्या अॅपर्चरवर काढताना चौकटच डोळ्यावर न्या.

आणि अॅपर्चर. दीड मीटरवर एफ १.८ला खोली सहा सेंटिमीटर, एफ २.८ला साडेनऊ. एवढ्या फरकात मुंडावळी आणि डोळा दोन्ही मावले असते.

रविवार संपेपर्यंत खिडकीशी बसवलेल्या त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, दोनशेच्या वर फोटो झाले. शेवटी ती वैतागून भाजी निवडायला उठली आणि भाच्याने भाजी निवडतानाचे तिचे डोळे टिपले. लागोपाठ पंधरा, त्यांतले तेरा स्वच्छ. कॅमेरा तोच, पॉइंट नऊच.

दहा हजारांची लेन्स, आणि तिने उघडी पाडलेली चूक

आपल्याकडे कॅमेऱ्यानंतरची पहिली खरेदी ठरलेली: पन्नास एमएम. कॅननची एफ १.८ नवी साधारण नऊ-दहा हजारांत मिळते. घ्या, जरूर घ्या. अंधारात फोकससाठीसुद्धा ती मदतीला येते, कारण फोकस लावताना लेन्स पूर्ण उघडी असते आणि सेन्सरला किट लेन्सपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो.

पण दुकानात एक गोष्ट कुणी सांगत नाही. किट लेन्सने ५५ मिमी, एफ ५.६ला दोन मीटरवरून फोटो काढला तर खोली वीतभराहून जास्त असते. मुंडावळीवर फोकस लागो की नाकावर, डोळा आपोआप त्यात येतो. भाचा दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी फोकस लावत होता आणि किट लेन्स त्याची चूक झाकत होती. नवी लेन्स आली आणि तिने झाकपाक बंद केली. त्याला वाटलं कॅमेरा जुना झाला.

निकॉनवाल्यांसाठी एक खास खड्डा आहे. जुन्या बाजारात ५० मिमी एफ १.८डी स्वस्तात दिसते. डी३०००, डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते आणि त्या लेन्समध्येही नसते. बसते छान, फोटोही येतो, ऑटोफोकस मात्र होतच नाही. या कॅमेऱ्यांवर एएफ-एस लिहिलेली लेन्सच बघा. डी७५००मध्ये मोटर आहे, त्यावर जुनी डी लेन्स चालते. स्वस्त लेन्स घेऊन हाताने फोकस करत बसलेले दोघं-तिघं मला ओळखीचे आहेत.

लेन्स घेतल्यावर तिचा आणि कॅमेऱ्याचा मेळ बसतोय का ते तपासा. पाच पेन्सिल सेल टेबलावर तिरक्या रांगेत, दोन-दोन सेंटिमीटर मागे-पुढे उभे करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, मधला पॉइंट मधल्या सेलवर, टायमर लावून दहा फोटो. दरवेळी मधलाच स्पष्ट आला तर सुखाने झोपा. दरवेळी मागचाच स्पष्ट येत असेल तर लेन्स मागे फोकस करते, आणि पुढचाच येत असेल तर पुढे. कधी हा कधी तो असेल, तर चूक बहुधा हाताची किंवा उजेडाची. डी७५००, ८०डी अशा कॅमेऱ्यांत ही मागे-पुढेची दुरुस्ती मेनूतून करता येते. १५००डी, डी३५००मध्ये ती सोय नाही; कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावी लागतात. वॉरंटी चालू असेल तर आधी तिथे विचारा, संपली असेल तर लेखी अंदाज घेतल्याशिवाय सोडून येऊ नका.

दागिने, पदार्थ, कासच्या पठारावरची फुलं असं स्थिर काही काढणार असाल तर या भानगडीत पडायचंच कारण नाही. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू लावा, चित्र दहापट मोठं करा, हवी ती पाकळी निवडा. १५००डीवर हा फोकस संथ आहे, पण तो मुख्य सेन्सरवरूनच लागत असल्यामुळे मागे-पुढेची चूक उरत नाही. फुलांना घाई नसते. वारा सुटला तर गोष्ट वेगळी.

पंचवीस ते पंचावन्न हजार: जुना पण जाणता

आता खरा प्रश्न. नऊ पॉइंट कधी अपुरे पडतात? विषय वेगाने हलतो आणि चौकटीच्या मधोमध राहत नाही, तेव्हा. कबड्डीचा चढाईबहाद्दर, ढोलपथकात ध्वज नाचवणारा, भिगवणला पाण्यावरून उठणारा रोहित. तिथे कडेचे पॉइंटही क्रॉस हवेत आणि ते जवळजवळ हवेत, म्हणजे विषय एकातून निसटला तर शेजारचा धरतो.

हे नव्या कॅमेऱ्यातच मिळतं असं नाही. निकॉन डी५६००मध्ये ३९ पॉइंट, त्यांतले ९ क्रॉस. डी७५००मध्ये ५१, क्रॉस १५. कॅनन ७०डीमध्ये १९ आणि सगळे क्रॉस, ८०डीमध्ये ४५ आणि जुळणारी लेन्स असेल तर सगळे क्रॉस. २०१४च्या ७डी मार्क टूमध्ये ६५, तेही सगळे क्रॉस, आणि अंगठ्याशी छोटी जॉयस्टिक. जुन्या बाजारात नुसती बॉडी ७०डी पंचविसाच्या आसपास, ७डी मार्क टू आणि ८०डी चाळिसाच्या आगेमागे, डी७५०० पन्नास-पंचावन्नपर्यंत दिसते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात चार दुकानं फिरलात की भावाचा अंदाज येतो.

यात मी सर्वांत जास्त महत्त्व त्या जॉयस्टिकला देईन. पॉइंट चाळीस असोत की चारशे, डोळा फाइंडरवरून न काढता एका सेकंदात चौकट हलवता आली नाही तर ते सगळे कागदावरच. आधी बटण दाबा, मग पाचदा बाण दाबा, तोवर नवरीने मान खाली घातलेली असते. म्हणून कॅमेरा हातात घेतल्यावर पॉइंट किती हे विचारण्याआधी, चौकट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला किती वेळ लागतो ते बघा.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडलंय हे सगळेच विचारतात. फोकस पॉइंट कुणी तपासत नाही. एकेक पॉइंट निवडून भिंतीवरच्या वर्तमानपत्रावर लावून बघा, विशेषतः कडेचे. पडलेल्या कॅमेऱ्याचा फोकस एका बाजूला बिघडलेला असू शकतो आणि मधल्या पॉइंटवर ते मुळीच कळत नाही.

पाऊण लाख आणि वर: सहाशे एकावन्नचं काय?

मिररलेसमध्ये आरसा नाही, वेगळा फोकस सेन्सरही नाही. फोटो टिपणारा सेन्सरच फोकसही बघतो. त्याचे दोन फायदे अगदी खरे आहेत. एक, पॉइंट चौकटीच्या जवळजवळ कडेपर्यंत पोचतात; डीएसएलआरमध्ये ते मध्यभागी दाटीने बसलेले असतात. सोनी ए६४००चे ४२५ पॉइंट चौकटीचा सुमारे ८४ टक्के भाग व्यापतात. दोन, कॅमेरा चेहरा आणि डोळा ओळखतो. मान वळली, चेहरा कडेला गेला, तरी डोळ्यावरची चौकट मागे मागे जाते.

भाच्याला ऐकवलेला ६५१ हा आकडा खोटा नव्हता. कॅनन आर५० आणि आर१० या दोन्हींत तो आहे. फक्त तो कॅमेरा स्वतः निवड करतो तेव्हाच्या विभागांचा आकडा आहे. तुम्ही स्वतः एक चौकट हलवता तेव्हा तिला हजारो जागा उपलब्ध असतात. दोन वेगळ्या पद्धतींनी केलेली मोजणी शेजारी ठेवून नऊच्या बहात्तर पट म्हणणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज करणं.

डोळा ओळखण्याची सोय ही मात्र पैसे द्यावेत अशी गोष्ट आहे. लग्नाची कामं पैसे घेऊन करत असाल, किंवा घरात धावतं मूल असेल, तर तिने वाया जाणारे फोटो नक्की कमी होतात. तिच्याही मर्यादा आहेत. दहा जणांच्या घोळक्यात ती तुमची नवरी सोडून करवलीचा डोळा धरते. ताडोबात गवताआडचा वाघ असेल तर गवताच्या पात्यांवर अडकते. तिथे परत एकच छोटी चौकट, हाताने निवडलेली. म्हणजे शिकलेलं फुकट जात नाही.

किमती बघा. कॅनन आर१०० किट लेन्ससह पन्नास-पंचावन्न हजारांच्या पट्ट्यात, आर५० सत्तर-पंचाहत्तरच्या, आर१०ची नुसती बॉडी ऐंशीच्या आसपास, सोनी ए६४००ची बॉडी पाऊण लाखाच्या पुढे-मागे. आर१०० यांत स्वस्त आहे, पण त्याचा पडदा टचचा नाही. आर५०ला टच आहे, जॉयस्टिक नाही. फाइंडरला डोळा लावून पडद्यावर अंगठा सरकवला की चौकट हलते. ए६४००चंही तसंच. आर१०ला जॉयस्टिक आहे. स्वतः पॉइंट निवडणाऱ्याने आर१००च्या वाटेला जाऊ नये आणि जमल्यास आर१०साठी थांबावं, हे माझं मत.

वरचा खर्च विसरू नका. जुन्या ईएफ लेन्स आर मालिकेवर लावायच्या तर अॅडॉप्टर लागतो, आठ-दहा हजारांचा. नवी आरएफ ५० मिमी एफ १.८ घ्यायची तर पंधरा-अठरा हजार. शिवाय मिररलेसचा फाइंडर आणि पडदा सतत चालू असल्यामुळे बॅटरी लवकर उतरते. लग्नाच्या दिवसाला एक जादा बॅटरी धराच. 'वर पन्नास हजार' म्हणून सुरू झालेला सौदा असा सत्तरीत जातो.

वर्षातून दोनच मोठे प्रसंग असतील तर भाड्याचा विचार करा. मुंबई-पुण्यात चांगला मिररलेस दिवसाला दीड-दोन हजारांत मिळतो, ७०-२०० एफ २.८ सारखी लेन्स हजाराच्या आतबाहेर. ओळखपत्र आणि अनामत लागते. आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या आणि घरी तासभर पॉइंट हलवण्याचा सराव करा. मांडवात उभं राहून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा मेनू शोधण्यासारखी फजिती नाही.

घेणारच असाल तर

दुकानात जाताना आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. काउंटरवरच्या झगझगीत दिव्यात सगळेच कॅमेरे फोकस लावतात. दुकानाच्या मागच्या, अंधाऱ्या भागात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढून बघा. मग कडेचा पॉइंट निवडून परत काढा. कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर बघा आणि दुसऱ्या दिवशी ठरवा.

बिलाशिवाय दोन-चार हजार कमी करतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९पासून २८चा १८ टक्क्यांवर आला. तो भरलेलं पक्कं बिल आणि त्यावर कॅमेऱ्याचा सीरियल नंबर असेल तरच वॉरंटीत तोंड उघडता येतं. तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घालायला सांगा, फोटोग्राफीच्या व्यवसायात त्या कराची वजावट मिळते. परदेशातून परस्पर आणलेला माल दहा-पंधरा टक्के स्वस्त दिसतो. त्यावर भारतातली कंपनीची वॉरंटी आहे का ते आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, दुकानदाराच्या शिक्क्यावर जाऊ नका. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात, तिच्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही.

भाच्याने तो सौदा केला नाही. पुढच्या लग्नाला १५००डीच नेला, अॅपर्चर २.८ ठेवलं, मधला पॉइंट आणि अंगठा. आर१०साठी दरमहा तीन हजार बाजूला टाकतोय, आणि एव्हाना कॅमेरा कुठे कमी पडतो हे त्याला स्वतःला सांगता येतं.

तुम्ही घेतलेल्या कॅमेऱ्याचा एखादा पॉइंट फोकस धरत नसेल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर सेलची चाचणी करून ते दहा फोटो, बिल आणि सर्व्हिस सेंटरची पावती एकत्र ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि २०१९च्या कायद्याप्रमाणे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते.